स्वस्तातली लांब पल्ल्याची रायफल

अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत एल्क आणि म्यूल हरणाची शिकार बहुधा उघड्या उतारांवर होते. जनावर दिसते तेच तीनशे-चारशे यार्डांवर, आणि आडोसा नसल्याने त्याच्या फार जवळ जाता येत नाही. पूर्वेकडच्या दाट रानात ही अडचण नव्हती. तिथे विंचेस्टरची १८९४ ची लिव्हर रायफल पुरेशी होती. तिची .३०-३० ची गोळी दीडशे यार्डांनंतर झपाट्याने खाली येई, पण तितक्या लांबचे झाडीत दिसतच नसे. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकून ते उडण्याचा धोका, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे आणि बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मरतो. लांब पल्ला हवा तर टोकदार गोळी चालणारी बोल्ट रायफल हवी, आणि ती साध्या शेतकऱ्याच्या किंवा खाणकामगाराच्या खिशाला परवडणारी नव्हती.

त्याला ती मिळाली सैन्याच्या अडगळीतून. अमेरिकी सैन्याने १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफल आणि १९०६ मध्ये .३०-०६ हे काडतूस स्वीकारले, तेव्हा आधीच्या क्रॅग रायफली निकाली निघाल्या. पुढे सरकारने त्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना अवघ्या दीड डॉलरपर्यंत विकल्या. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० ची किंमत साठ डॉलरच्या वर होती. मंदीच्या त्या काळात हा फरक निर्णायक होता. अर्थात स्वस्ताईला धोकाही चिकटलेला होता. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या ८ लाखांखालील क्रमांकांच्या रायफलींचे पोलाद ठिसूळ निघाले. भट्टीतल्या लोखंडाचे तापमान कारागीर नुसत्या रंगावरून ठरवत, त्यामुळे काही सांगाडे (बोल्ट बसतो तो पोलादी भाग) जास्त तापून गेले होते. म्हणून सैन्यातून निघालेली जुनी स्प्रिंगफील्ड घेताना आधी क्रमांक वाचावा लागे.

सैनिकी रायफल शिकारीला जशीच्या तशी चालत नसे. ती जड, तिचा लाकडी दस्ता नळीच्या टोकापर्यंत गेलेला, आणि बोल्टची मूठ वर उचलताना दुर्बिणीला आपटणारी. मग दस्ता कापायचा, मूठ तापवून खाली वाकवायची, वरच्या पोलादात भोके पाडून आटे पाडायचे आणि दुर्बीण बसवायची. मिसूरीतल्या वॉर्सा या छोट्या गावातल्या बिशप आणि फायेन या दोन कारखान्यांनी अर्धवट घडवलेले अक्रोडाचे दस्ते टपालाने पाठवून या घरगुती उद्योगाला मोठा हातभार लावला. दुर्बीण मात्र चैनीचीच वस्तू होती. विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये १९ डॉलरची ‘३३०’ काढली, तेव्हा तीही सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफलीइतकीच ही दुर्बीण महत्त्वाची होती, पण गिऱ्हाइकाला ते पटायला बरीच वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील माउझर, स्वीडिश ६.५ आणि इटालियन कार्कानो रायफली जहाजे भरभरून येऊ लागल्या. माउझर ९८ चा सांगाडा इतका भक्कम होता की सीअर्सने नव्या माउझर सांगाड्यांवर ‘जे. सी. हिगिन्स मॉडेल ५०’ बांधून आपल्या दुकानांतून विकली. भारतात असा बाजार कधी उभाच राहू शकला नाही. सैनिकी बोअर नागरिकांना वर्ज्य असल्याने इथल्या शिकाऱ्याच्या हातात .३१५ आली. अमेरिकेत या आयातीने देशी कारखानदार हवालदिल झाले. न्यू इंग्लंडमध्ये त्यांचे कारखाने होते, आणि तिथलेच सिनेटर जॉन केनेडी यांनी १९५८ मध्ये जुन्या सैनिकी शस्त्रांच्या आयातीवर बंदीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. १९६३ मध्ये त्यांचा खून झाला तो शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेल्या कार्कानोने. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९.९५ डॉलर. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री आणि ही आयात दोन्ही बंद केल्या.

तोवर कारखान्यांनी स्वस्त रायफलीचा दुसरा मार्ग शोधला होता. रेमिंग्टनच्या ७२१ ने १९४८ मध्ये घडीव सांगाड्याऐवजी गोल पोलादी नळकांडे वापरले आणि अनेक भाग पत्र्यातून ठोकून काढले. रूप साधे, नेम मात्र उत्तम. १९६२ मध्ये तिचीच सुधारलेली ७०० आली. सॅव्हेजच्या ११० मध्ये निकोलस ब्रूअर यांनी १९५८ मध्ये याहून चतुर काम केले. नळी आणि बोल्ट यांमधले अंतर काडतुसाला नेमके जुळावे लागते, आणि ते जुळवणे म्हणजे कसबी मिस्त्रीचा वेळ. ब्रूअर यांनी नळीवर मोठी चाकी बसवली. मापाचे काडतूस घालून नळी फिरवायची, चाकी आवळायची, काम झाले. विंचेस्टरने मात्र १९६४ मध्ये मॉडेल ७० स्वस्त करताना दस्त्यावरची हातकोरीव नक्षी सोडून ठसे मारले, आणि गिऱ्हाइके इतकी चिडली की ‘चौसष्टपूर्व’ रायफलीला आजही जादा भाव मिळतो. खरे पाहता नव्या रायफलीचा नेम फारसा बिघडला नव्हता.

एकविसाव्या शतकात सॅव्हेजचा हाताने जुळवता येणारा चाप, प्लॅस्टिकचे दस्ते आणि संगणकावर चालणारी यंत्रे यांनी किंमत आणखी उतरवली. २०११ च्या अखेरीस रूगरची ‘अमेरिकन’ साडेचारशे डॉलरच्या आत आली. २००७ चे ६.५ क्रीडमूर काडतूस मुळात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेले होते, पण कमी धक्का आणि वाऱ्याला दाद न देणारी लांब गोळी यांमुळे शिकाऱ्यांनी ते उचलले. अंतराचा अंदाज ही मात्र जुनीच अडचण. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर जुळवली, तर ३०० यार्डांवर सुमारे ८ इंच आणि ४०० वर जवळपास २ फूट खाली लागते. अंतर पन्नास यार्डांनी चुकले तरी जनावर जखमी होऊन निसटते. म्हणूनच लेझर अंतरमापक आले तेव्हा मर्यादित पैशात घेणाऱ्याचा हिशोब उलटला: रायफल साधी घ्यायची, आणि उरलेले पैसे दुर्बीण, अंतरमापक आणि सरावाची काडतुसे यांत घालायचे.