व्यायामातला खाडा

चांदूर बाजार तालुक्यातला संत्रा बागायतदार आंबिया बहार धरायचा ठरवतो, तेव्हा हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, वाढ थांबते आणि पुन्हा पाणी सुटले की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी लगडते. बागेला असा ताण देण्याला कुणी हयगय म्हणत नाही. त्याच शिवारात पहाटे धावणाऱ्या पोराला मात्र एका दिवसाचा खाडाही मनाला लागतो.

आखाड्याची शिस्त कडक असे, हे खरेच. जोर-बैठकांचा नेम चुकलेला वस्तादाला खपत नसे. पण नेम रोजचा असला, तरी मेहनत रोज सारखी असावी असे जुने शास्त्र सांगत नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालाही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितले आहे, इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी, हे सुश्रुताने सांगितले: श्वास तोंडाने येऊ लागला की थांबावे. त्यापुढे रेटणाऱ्याला खोकला, ताप, धाप आणि क्षय जडतो, असा इशाराही या ग्रंथांत आहे. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. इथे हा ऋतूंचा नियम किती शहाणपणाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकात वऱ्हाडातला व्यायाम संघटित झाला तो अमरावतीत. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. पारतंत्र्याचा काळ होता, शरीर कमावणे हे देशकार्य मानले जाई. 1936 च्या ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. आपल्या मातीतला व्यायाम वऱ्हाडच्या पोरांनी थेट जगापुढे मांडला, याचा अभिमान आजही वाटतो.

त्याच वर्षी, 4 जुलैच्या ‘नेचर’मध्ये हान्स सेल्ये या माँट्रियलमधल्या संशोधकाचे एक छोटे पत्र छापून आले होते. उंदरांवर थंडी, अतिश्रम, विष असे नाना आघात करून त्याने दाखवले, की शरीर आधी हादरते, मग तग धरते आणि आघात चालूच राहिला तर शेवटी खचते. हे पत्र खेळाडूंसाठी लिहिलेले नव्हते. पण पुढे 1960 च्या दशकात सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मात्वेयेव्ह यांनी वर्षाचा सराव जड आणि हलक्या टप्प्यांत विभागण्याची पद्धत मांडली, तेव्हा तिला सेल्येच्या विचाराचा आधार दिला गेला.

महाराष्ट्रात विश्रांतीचा अभ्यास झाला तो वेगळ्या वाटेने. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. पुढे 1969 मध्ये मुंबईचे डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा उपयोग होतो, हे संशोधनातून मांडले. निश्चल पडून राहण्याचीही उपचार म्हणून तपासणी झाली, हे मोठे पाऊल होते.

खाड्याने कमावलेले जाते, ही भीती मात्र अजून टिकून आहे. एडवर्ड कॉइल यांच्या 1984 च्या प्रयोगात मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे तीन आठवड्यांत 7 टक्के घटली. तीन आठवड्यांत एवढे, तर एका दिवसात कितीसे जाणार?

हा हिशेब आज सर्वांत जास्त गरजेचा आहे तो पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना. 1600 किंवा 800 मीटरच्या गुणांसाठी ती डांबरी रस्त्यावर धावतात आणि नडगी ठणकत असतानाही थांबत नाहीत. गावोगावच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याची एक सुट्टी स्वतःच्या हाताने लिहून द्यावी, आणि ती पाळली जाते की नाही हेही पाहावे.