फ्लॉरेन्समधल्या 'इंडियानो'चं नाव काय?

फ्लॉरेन्सला एका दिवसासाठी गेलेला माणूस काय बघतो? डुओमोचा घुमट, डेव्हिडचा पुतळा, पोन्ते वेक्क्योचा पूल, मग एक जिलातो आणि संध्याकाळची परतीची गाडी. आमचाही प्लॅन तोच होता. बी.टेक.च्या शेवटच्या वर्षात एका सेमिस्टरसाठी मी इटलीत होतो, पिसात राहायचो. तिथून फ्लॉरेन्स रेल्वेनं साधारण तासाभरावर. सोबत माझा रूममेट. आम्ही सगळे त्याला 'कोल्हापूरकर' म्हणायचो, आजच्या एपिसोडमध्येही तेच म्हणू.

फ्लॉरेन्स स्टेशनबाहेर मी मॅपवर डुओमोचा रस्ता शोधत होतो आणि हा पठ्ठ्या उलट दिशेला ट्रामकडे निघाला. म्हटलं, कुठं? तर म्हणाला, "घुमट काय पळून जातोय का भावा? पहिला आमच्या महाराजांना मुजरा."

मला वाटलं, गंमत करतोय. त्या महिन्यात तो गंमत मात्र फारशी करत नव्हता. का, ते पुढे सांगतो.

आम्ही ज्या बागेकडे निघालो होतो तिचं नाव इटालियन माणूस उच्चारतो 'कश्शीने'. ट्राममधली घोषणा ऐकली तर आपल्या कानाला चक्क 'काशी' ऐकू येतं. आर्नो नदीच्या काठाकाठानं तीन किलोमीटरपेक्षा जास्त पसरलेली बाग आहे ही. ट्राममधून उतरलो आणि पश्चिमेकडे चालत सुटलो. पळणारी माणसं, सायकली, कुत्र्यांना फिरवणाऱ्या आज्या. टुरिस्ट एकही नाही. बाग संपते तिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. आणि त्या संगमावर, झाडांच्या मधे, एक छत्री उभी आहे. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या समाध्यांवर असते तशी. तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. गोंधळू नका, शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम ते वेगळे. त्या राजारामांच्या पत्नी ताराबाई, त्यांनी कोल्हापूरची गादी उभी केली. आपण बोलतोय ते त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी त्या गादीवर बसलेल्या राजारामांबद्दल. जन्म १८५० चा. १८६६ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले, म्हणजे वय सोळा. आणि १८७० मध्ये, विसाव्या वर्षी, जहाजात बसून इंग्लंडला निघाले.

१८७० मध्ये ही किती मोठी गोष्ट होती, ते लक्षात घ्या. सुएझ कालवा सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा समाज मागे होता. सत्तेवर असलेला हिंदू राजा विलायतेला जातो, हे तोवर फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. महाराजांसोबत त्यांची स्वतःची माणसं होती, आणि कॅप्टन एडवर्ड वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी. हौसेची सहल आणि इंग्रजांच्या देखरेखीतलं शिक्षण, असं दोन्ही मिळून ते प्रकरण होतं.

आणि महाराज रोजनिशी लिहायचे, तीही इंग्रजीत. आज काय पाहिलं, कोणाला भेटलो. लंडन पाहिलं, पार्लमेंट पाहिलं, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. परदेशात गेलेला विशीतला कुठलाही मुलगा करतो तेच. आपण स्टोरी टाकतो, ते वहीत लिहीत होते. पुढे वेस्टनं ती रोजनिशी संपादित केली आणि १८७२ मध्ये ती लंडनमध्ये छापली गेली. तोवर लिहिणारा राहिला नव्हता.

झालं असं. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. त्यामुळे फ्रान्समधून परत यायची नेहमीची वाट बंद. मग बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असं करत मंडळी इटलीत उतरली. वाटेतच महाराजांची तब्येत बिघडत गेली. फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते गेले. वय वीस वर्षं.

आता प्रश्न पुढचा. अंत्यसंस्कार कसे करायचे?

फ्लॉरेन्स तेव्हा साधंसुधं गाव नव्हतं, १८६५ पासून इटलीची राजधानी होतं. आणि त्या देशात माणूस गेला की पुरायचा. जाळायचा नाही. इटलीतल्या दहनगृहातलं पहिलं दहन मिलानमध्ये झालं, ते १८७६ मध्ये. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या स्मशानभूमीत पहिलं दहन झालं १८८५ मध्ये. कॅथलिक चर्चनं तर १८८६ मध्ये दहनावर बंदीच घातली, ती उठायला १९६३ उजाडलं. आणि इथे १८७० मध्ये परक्या देशातली काही माणसं अधिकाऱ्यांपुढे उभी राहून सांगतायत, आमच्या राजाला नदीकाठी, संगमावर अग्नी द्यायचाय. लगेच.

परवानगी मिळाली. मध्यरात्रीनंतर, गावाबाहेर, आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर चिता रचली गेली. बघायला लोकही जमले. त्यांच्यासाठी ते विलक्षणच होतं. पण ज्यांचा माणूस गेला होता, त्यांच्यासाठी ते तमाशा नव्हतं, कर्तव्य होतं. हिवाळ्याच्या त्या रात्री, कोल्हापूरपासून हजारो मैलांवर, त्यांनी ते पार पाडलं.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच जागी हे स्मारक झालं. अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव कोल्हापूरकरांच्या रोजच्या वाटेवर आहे, कारण कोल्हापूरचा न्यू पॅलेसही याच मँट यांच्या आराखड्यातून उभा राहिला, १८८४ मध्ये. म्हणजे एका गादीच्या दोन वास्तू, एक आर्नोकाठी, एक कोल्हापुरात, कागदावर एकाच माणसानं काढलेल्या.

महाराजांना वारस नव्हता. पुन्हा दत्तक घेतला गेला, ते चौथे शिवाजी. त्यांचा शेवट १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत झाला. मग १८८४ मध्ये पुन्हा दत्तक. कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा, यशवंतराव. तेच राजर्षी शाहू महाराज. नात्यानं बघितलं तर आर्नोकाठच्या या वीस वर्षांच्या तरुणाचे नातू. आणि योगायोग बघा, २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला, तेव्हा शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते. आजोबांच्या पाठोपाठ बत्तीस वर्षांनी तेही समुद्र ओलांडून गेले होते, आणि ते परत आले.

आता आमच्या त्या दुपारकडे येतो.

कोल्हापूरकर पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होता. महिनाभरापूर्वी त्याचे आजोबा गेले होते. त्याच आठवड्यात परीक्षा होती, तिकिटाचे पैसे नव्हते, आणि निघाला असता तरी वेळेत पोचला नसता. पंचगंगेच्या स्मशानात चुलतभावानं फोन धरला आणि यानं पिसातल्या खोलीत बसून अग्नी दिलेला पाहिला. मधेच व्हिडिओ अडकला. परत सुरू झाला तेव्हा सगळे पाठ फिरवून निघाले होते. हे त्यानं मला त्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं. तो फक्त कमी बोलत होता, आणि मी अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून सोडून दिलं होतं. एका खोलीत राहून!

त्यानं तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. छत्री दाखवली, पुतळा दाखवला, संगम दाखवला. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्या लेकराजवळ आपलं कोण हुतं रं शेवटाला?"

तो म्हणाला, "हुती की आजी. आपली माणसं हुती. समदं रीतीनं केलं त्यांनी."

"मग बरं झालं," आजी म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "तुझ्याजवळ कोण हाय?"

त्यानं कॅमेरा माझ्याकडे फिरवला. मी हात जोडले. काय बोलायचं ते सुचलं नाही.

परत निघताना एक गोष्ट लक्षात आली. स्मारकाजवळच आर्नोवर केबलांनी तोललेला एक मोठा रस्त्याचा पूल आहे, १९७८ मधला. त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे 'इंडियानोजवळचा पूल'. या सगळ्या परिसरालाच लोक 'इंडियानो' म्हणतात. इंडियानो म्हणजे भारतीय. बस्स. आपण फोनमध्ये 'प्लंबर', 'दूधवाला' असं सेव्ह करून ठेवतो ना, तसं. जागा लक्षात राहिली, देश लक्षात राहिला, नाव गळून पडलं.

मला आधी त्याचा राग आला. मग वाटलं, आपण तरी कुठे वेगळे? मी महाराष्ट्रात वाढलो, इतिहासाची आवड आहे म्हणून मिरवतो, आणि हे नाव मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. फ्लॉरेन्सनं निदान त्या रात्री जागा दिली आणि ती जागा आजवर जपली. नाव जपायचं काम आपलं होतं.

डुओमो त्या दिवशी बाहेरूनच पाहिला, आत जायची वेळ टळून गेली होती. त्याचं काही वाटलं नाही. परतीच्या गाडीत कोल्हापूरकर पहिल्यांदा आजोबांबद्दल बोलला, पिसा येईपर्यंत बोलत राहिला.

तर मंडळी, तुमचं कोणी इटलीत शिकायला असेल, फिरायला जाणार असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. सांगा, घुमट पळून जात नाही. ट्राम पकडा, 'काशी' ऐकू आलं की उतरा, बागेच्या टोकापर्यंत चालत जा. तिथे पोचल्यावर 'इंडियानो' म्हणू नका. राजाराम महाराज म्हणा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि रूममेट गप्प असेल तर विचारा.