जादा दराच्या पेट्रोलची कुळकथा

दौलताबादच्या तटबंदीतून बाहेर पडलेला रस्ता घाट चढून खुलताबादच्या पठारावर येतो, आणि श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या दुचाक्या, वेरूळची लेणी पाहावयास जाणाऱ्या प्रवाशांच्या मोटारी व कन्नडच्या दिशेने जाणारे मालट्रक या सर्वांच्या इंजिनांची परीक्षा या एकाच चढावर होत असते. ज्या गाडीला हा चढ जड जातो तिच्या मालकास गॅरेजातील मिस्त्री जे निदान ऐकवतो ते बहुधा ठरलेले असते, की प्लग काळा पडला, आत कार्बन धरला, पेट्रोल बरे मिळाले नाही. आणि त्यावरचा उताराही तितकाच ठरलेला, की दोन-तीन टाक्या 'पॉवर' किंवा 'स्पीड' हे जादा दराचे पेट्रोल भरून पाहा, इंजिन धुऊन निघेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल. या एका वाक्यात दोन स्वतंत्र दावे एकाच दाव्यावर बांधलेल्या दोन जनावरांप्रमाणे उभे असतात. इंजिन स्वच्छ राहते हा पहिला, आणि गाडी लिटरमागे अधिक अंतर कापते हा दुसरा. जादा दराच्या पेट्रोलची वंशावळ उलगडून पाहिली म्हणजे पहिल्या दाव्याचे कागदपत्र पुष्कळसे शाबूत आढळतात, दुसऱ्याचे मात्र फारसे हाती लागत नाहीत.

गमतीची गोष्ट अशी, की या कुळाचा मूळपुरुष ज्या कामासाठी जन्मास आला त्यात स्वच्छतेचा संबंध नव्हता. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. परंतु उष्णता व दाब मर्यादेबाहेर गेले, म्हणजे ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि धातूवर आघात झाल्यासारखी खटखट ऐकू येते. चढावर, वरच्या गिअरमध्ये, भरल्या गाडीने जाताना ही खटखट विशेष जाणवे. तिचा बंदोबस्त करण्याचे काम अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिजली या अभियंत्याकडे आले, आणि त्याने आयोडीन, अ‍ॅनिलीन, असह्य दुर्गंधीची सेलेनियम व टेल्यूरियमची संयुगे अशी एकामागून एक द्रव्ये पेट्रोलात घालून पाहत अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, वापरून पाहिले. अत्यल्प मात्रेत खटखट थांबली. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो प्रांतातील डेटन शहरी हे पेट्रोल 'एथिल' या नावाने विकावयास आले. नावात शिशाचा उल्लेख कटाक्षाने टाळला होता, आणि साध्या पेट्रोलाशेजारी अधिक दराचे दुसरे पेट्रोल विकण्याची वहिवाट येथून पडली. पुढे १९२७ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने आयसो-ऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० असे अंक देऊन खटखट सोसण्याची क्षमता मोजण्याचे प्रमाण घालून दिले. पंपावर आज जो ९५ किंवा १०० असा आकडा झळकतो, तो हाच. तो इंधनाची शक्ती सांगत नाही, शुद्धता सांगत नाही, केवळ किती दाब सहन करून ते शांत राहील एवढेच सांगतो; आणि ग्राहकांच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ या आकड्याच्या रुबाबात आहे असे माझे मत आहे.

आमचा मुलूख त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बसवाहतूक सुरू केली तोवर शिशाच्या पेट्रोलास नऊ वर्षे उलटून गेली होती. त्या नऊ वर्षांत त्याने माणसेही मारली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनविणारे ५ कामगार भ्रमिष्टावस्थेत मरण पावले, तरी मिजलीने वार्ताहरांसमक्ष तेच द्रव्य हातावर चोळून व हुंगून ते निर्धोक असल्याची ग्वाही दिली. स्वतः तो शिशाच्या विषबाधेतून विश्रांती घेऊन सावरला होता. ही ग्वाही जगाने जवळजवळ अर्धशतक मान्य केली. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ साली ते सोडले.

शिशाने खटखट थांबविली, पण ज्वलनानंतर त्याचे ऑक्साइड झडपांवर व प्लगवर बसू लागले. ते बाहेर काढण्यासाठी एथिलीन डायब्रोमाइड हे दुसरे द्रव्य घालावे लागले. तेही पुरेना, तेव्हा १९५३ साली शेल कंपनीने ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालून शिशाच्या थराचे उपद्रवमूल्य कमी करण्याचा उपाय काढला. म्हणजे पहिल्या मिश्रणाने दुसऱ्याची गरज उत्पन्न केली आणि दुसऱ्याने तिसऱ्याची, आणि प्रत्येक नव्या मिश्रणाची जाहिरात जुन्या मिश्रणाने केलेल्या घाणीच्या जिवावर झाली. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कार्ब्युरेटर धुणारी अमाइन जातीची द्रव्ये पेट्रोलात आली; स्वच्छतेच्या शाखेचा खरा आरंभ हा. पुढच्या दशकात प्रदूषण रोखण्यासाठी क्रँककेसमधील वाफा पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडण्याची व्यवस्था झाली, त्याने कार्ब्युरेटर अधिकच मळू लागले. १९८० नंतर कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली, तर त्याची केसाएवढी छिद्रे तुंबू लागली. पॉलिइथर अमाइन ही आजची प्रमुख निर्मळक द्रव्ये त्याच काळातली. अमेरिकन सरकारने १९९५ पासून सर्वच पेट्रोलात किमान मात्रेत असे द्रव्य घालणे सक्तीचे केले, म्हणजे स्वच्छता ही तेथे चैनीची बाब न राहता शिरस्त्याची झाली.

हे द्रव्य करते काय, ते नीट पाहण्यासारखे आहे. त्याच्या रेणूचे एक टोक नत्रयुक्त असते, ते झडपेवर बसलेल्या डिंकासारख्या थराला चिकटते. दुसरे टोक लांब हायड्रोकार्बन साखळीचे, ते पेट्रोलात विरघळून राहते. आणि अशा असंख्य रेणूंनी वेढलेला मळ सुटून पेट्रोलाबरोबर जळून जातो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१६ साली केलेल्या परीक्षणात ४,००० मैलांच्या चालीनंतर किमान मात्रेच्या पेट्रोलाने झडपांवर साठविलेला थर अधिक मात्रेच्या पेट्रोलाच्या सरासरी १९ पट भरला. तेव्हा स्वच्छतेचा दावा खोटा म्हणता येत नाही. मात्र जेथे पेट्रोल पोहोचते तेथेच ते धुते. ज्या नव्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्यांच्या आत घेणाऱ्या झडपांवर पेट्रोलाचा थेंबही पडत नाही, आणि तेथे साचलेला तेलकट कार्बन पंपावरच्या कोणत्याही महागड्या द्रव्याने निघत नाही.

अ‍ॅव्हरेजचा दावा याच सत्याच्या आडोशाने घरात शिरलेला आहे. मळलेले इंजिन धुतले गेले तर त्याने गमावलेले अंतर परत मिळते, हे खरे. पण जे गमावलेच नाही ते परत कसे मिळावे? त्याच असोसिएशनने साध्या पेट्रोलासाठी बांधलेल्या मोटारींत उंची पेट्रोल घालून पाहिले, तेव्हा शक्तीत वा अंतरात लक्षणीय वाढ आढळली नाही. त्यापूर्वी १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्सॉन कंपनीच्या ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलाने देखभालीचा खर्च घटतो या जाहिरातीस पुरावा मागितला, आणि पुढच्या वर्षीच्या तडजोडीत, बहुतेक मोटारींना साधे पेट्रोलच पुरेसे आहे, हे कंपनीलाच लोकांना सांगावे लागले. आपण आपला हिशेब करू. साधे पेट्रोल १०५ रुपये व उंची पेट्रोल ११२ रुपये लिटर धरले, तर ६० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलने नुसता जादा दर फेडण्यासाठी ६४ किलोमीटर दिले पाहिजेत. सिलिंडरात मिश्रण नऊ-दहा पट दाबणाऱ्या १०० सी.सी.च्या गाडीकडून ही वसुली होणे नाही.

मग हे पेट्रोल आपल्याकडे खपले कसे? १ एप्रिल २००२ पर्यंत तेलाचे दर सरकारी नियंत्रणाने बांधलेले होते, आणि एकच दर असताना निराळ्या नावाने विकण्यात कंपन्यांना स्वारस्य नव्हते. ती व्यवस्था मोडीत निघाल्याबरोबर त्याच वर्षी भारत पेट्रोलियमचे 'स्पीड' व हिंदुस्थान पेट्रोलियमचे 'पॉवर' बाजारात आले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, भारत पेट्रोलियमने 'प्युअर फॉर शुअर' ही मोहीम काढून आपल्या पंपांवरील माल शुद्ध व माप पुरे असल्याची हमी दिली होती, हे विसरता कामा नये. ज्या समाजात शुद्धतेची वेगळी हमी द्यावी लागते, तेथे गिऱ्हाईक इंजिन धुण्यासाठी जादा पैसे मोजत नाही, भेसळीतून सुटण्यासाठी मोजते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देऊनही त्याची पेट्रोल-डिझेलात मिसळ चालूच होती, आणि रॉकेल पुरते न जळता प्लग व झडपा काळ्या करते. मनमाडजवळच्या पानेवाडी येथे मोठे तेलसाठे आहेत. तेथेच २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन-भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. जादा दराच्या पेट्रोलची भारतीय कुळकथा लिहिणाऱ्याने अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांपेक्षा या घटनेला अधिक जागा दिली पाहिजे, कारण आपल्या लोकांची त्या पेट्रोलवरची श्रद्धा अशा भयातून उपजलेली आहे. आणि जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा सायलेन्सर जाळून कार्बन काढण्यात ज्यांच्या रविवारच्या सकाळी गेल्या, त्या पिढीला तर घाण हा इंजिनाचा स्वभावधर्मच वाटतो.

अलीकडे या प्रकरणाला एक नवे कलम जोडले गेले आहे. २० टक्के इथेनॉलचे साधे पेट्रोल आता देशभर मिळते आणि त्याचाच ऑक्टेन अंक ९५ आहे; तेव्हा केवळ ९५ च्या आकड्यासाठी जादा दर देण्याचे प्रयोजन उरलेले नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने जुन्या मोटारींच्या अंतरात ६ ते ७ टक्के, तर जुन्या दुचाक्यांच्या अंतरात ३ ते ४ टक्के घट अपेक्षिली होती. ही घट निर्मळक द्रव्याने भरून निघणारी नाही, कारण ती मळामुळे आलेली नाही.

माझा निवाडा असा, की ज्याच्या गाडीच्या पुस्तिकेत अधिक ऑक्टेनचे इंधन सांगितले आहे त्याने ते अवश्य भरावे. ज्याची गाडी जुनी, इंजेक्टरची, आणि मळल्याची लक्षणे दाखविणारी आहे, त्याने एखाद-दोन टाक्या भरून पाहण्यास हरकत नाही. इतरांनी लिटरमागचे ते जादा सात रुपये टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि वेळेवर बदललेले ऑइल यांवर खर्च करावेत. आणि शंका भेसळीचीच असेल, तर पंपचालकाकडे गाळणकागद मागावा, तो विनामूल्य देणे त्याच्यावर बंधनकारक आहे; नोझलचे तोंड पुसून त्यावर पेट्रोलाचा एक थेंब टाकावा, शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांच्या आत डाग न ठेवता उडून जाते.