स्टेशन ते घर : उपनगरांतील बाजारपेठांचा उदय आणि ऱ्हास

संध्याकाळी सातच्या सुमारास बोरिवली पश्चिमेला रेल्वेचा पूल उतरणाऱ्या माणसाला 'येथील बाजार मोडकळीस आला आहे' असे सांगितले, तर त्याचा विश्वास बसणार नाही. तेथे पाय ठेवायला जागा नसते. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड येथील स्टेशनालगतच्या जुन्या पेठा आतून पोखरल्या गेल्या. गर्दी वाढत गेली आणि दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक घटत गेले. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या यादीत बोरिवली 'बेरेवला' आहे आणि अंधेरी 'अंदारू'. साहेबाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. त्या काळी ही सारी साष्टीतील खेडी होती : भातशेती, ताडामाडांच्या वाड्या, खाडीकाठची मिठागरे.

खेड्यांची उपनगरे व्हायला पुढे साठ-सत्तर वर्षे लागली. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीच्या मुंबईची भीती मध्यमवर्गाच्या मनात कायमची बसवली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि 'राहायचे अंधेरीला, नोकरी फोर्टात' हे गणित जमू लागले. मुलुंडची आखणी त्याआधीच, १९२२ मध्ये, क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केली होती. स्टेशनापासून पाच रस्त्यापर्यंतची सरळ, काटकोनी रस्त्यांची ती जाळी आजही नकाशावर उठून दिसते. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले.

या उपनगरांत बाजार कोठे भरावा, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवले नाही. ते पावलांनी ठरवले.

नोकरदार माणूस गाडीतून उतरे आणि घरापर्यंत पायी जाई. दहा, पंधरा, कधी वीस मिनिटांची ती चाल. त्या वाटेच्या दोन्ही कडांना जे जे उभे राहिले, त्याचे नाव बाजार. अंधेरीत स्टेशनासमोरचा परिसर आणि तेथून वर्सोव्याकडे जाणारा जयप्रकाश रोड, बोरिवलीत जांभळी गल्ली आणि एस. व्ही. रोड, घाटकोपरमध्ये महात्मा गांधी रोड आणि खोत गल्ली, मुलुंडमध्ये महात्मा गांधी रोड आणि झवेर रोड. नकाशा कोणताही घ्या, पेठ स्टेशनाच्या दारापाशी दाट आणि घराकडे जाताना विरळ होत गेलेली दिसते. जुन्या गावांतला बाजार देवळाभोवती किंवा वेशीपाशी भरे. येथे तो मान रेल्वेच्या पुलाला मिळाला.

या पेठेचा क्रमही त्या चालीने ठरवला होता. पुलाच्या पायथ्याशी फुले, भाजी, वडापाव, वर्तमानपत्रे, म्हणजे हात न थांबवता घेण्याच्या वस्तू. थोडे पुढे किराणा, औषधे, वह्या-पुस्तके. त्याही पुढे, पाय जरा निवांत झाले की, कापड, भांडी, सराफ, शिंपी. भाजी संध्याकाळी विकली जाई, कारण तेव्हाच बायका कामावरून परतत. लोकलच्या डब्यात शेंगा सोलणाऱ्या आणि मेथी निवडणाऱ्या बायका मुंबईबाहेरच्या पाहुण्यांना नवलाच्या वाटत, पण तो या व्यवस्थेचाच एक भाग होता. लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी दादरलाच जात. उपनगरातल्या पेठेचे काम रोजच्या गरजेचे होते आणि तेच तिचे बळ होते.

दुकानदार बहुतेक बाहेरून आलेले. घाटकोपर आणि मुलुंडला कच्छी आणि गुजराती व्यापारी, फाळणीनंतर मुलुंडच्या छावणीत आलेली सिंधी आणि पंजाबी कुटुंबे, हॉटेलांत उडुपीकडची मंडळी, भाजी-मासळीत स्थानिक आगरी-कोळी आणि ख्रिस्ती बायका. गिऱ्हाइकात मराठी चाकरमानी मोठ्या संख्येने. या दोघांमधला दुवा म्हणजे उधारीची वही. महिनाभर सामान न्यायचे आणि पगाराला हिशेब चुकता करायचा. व्याज नाही, सही नाही. वाण्याला घराची माणसे ठाऊक, आजारपण ठाऊक, नोकरी सुटल्याचेही ठाऊक. या वहीची गोडवी गाताना हेही लक्षात ठेवले पाहिजे की ज्याची उधारी थकली त्याला भावात घासाघीस करण्याचे तोंड उरत नसे.

पेठ टिकवून धरणारी दुसरी गोष्ट कायद्याची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या गाळ्यांची भाडी गोठवली. पागडी देऊन एकदा जागा मिळाली की दोन-तीन पिढ्या नाममात्र भाड्यावर धंदा चाले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि इमारती खंगत गेल्या. भाडे जवळजवळ नसल्यामुळेच शिलाईचे सामान, घड्याळदुरुस्ती, पूजासाहित्य असे अत्यल्प नफ्याचे धंदे स्टेशनासमोरच्या मोक्याच्या जागी तगून राहिले. पागडीचा व्यवहार उघडपणे कायदेशीर झाला तो १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने.

बाजाराला वळसा घालण्याचे पहिले प्रयत्न मॉलवाल्यांनी केले नाहीत. ते मराठी मध्यमवर्गाने आणि कामगारांनीच केले. १९४८ मध्ये नायगावात गिरणी कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला आणि पुढे त्याच्या शाखा उपनगरांत गेल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी द्यायची आणि घाऊक खरेदीतून आलेले सामान आपसांत वाटून घ्यायचे, अशी ती पद्धत. भेसळ आणि टंचाईने गांजलेल्या त्या दशकात या घरांनी वाण्याचा उंबरठा टाळला, तो नफेखोरीच्या रागातून. 'वाण्याशी जिव्हाळा' हे चित्र खरे आहे, पण अर्धेच.

१९९१ मध्ये अंधेरीला एस. व्ही. रोडवर शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान उघडले. आरंभी तेथे फक्त पुरुषांचे कपडे मिळत. देशभर पसरलेल्या या साखळीची पहिली कडी अंधेरी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, हे विसरता कामा नये. नव्या पद्धतीच्या दुकानालाही तेव्हा स्टेशनाचा आधार लागत होता.

तो आधार पुढच्या दहा-बारा वर्षांत सुटला. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडले तेव्हा आरंभी आत जाण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे, नाहीतर प्रवेशशुल्क भरावे लागे. बाजारात शिरायला तिकीट, ही कल्पनाच मुंबईकरांना नवी होती. २००२ मध्ये पवईला डी-मार्टचे पहिले दुकान आले. २००३ च्या आसपास मुलुंडला आर मॉल आणि निर्मल लाइफस्टाइल, २००४ मध्ये अंधेरीत इन्फिनिटी आणि मालाडला इनऑर्बिट, २००९ मध्ये घाटकोपरला आर सिटी.

यांच्या पत्त्यांकडे पाहावे. मुलुंड आणि घाटकोपरचे मॉल लाल बहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर. अंधेरी-मालाडचे मॉल लिंक रोडवर. आग्रा रोडच्या कडेचे कारखाने बंद पडत किंवा शहराबाहेर जात होते आणि मोठे सलग भूखंड मोकळे होत होते. लिंक रोडच्या बाजूला नवी वस्ती वाढत होती. स्टेशनासमोर एवढी जमीन मिळणे अशक्यच होते. या मॉलना रेल्वेच्या पुलाची गरज नव्हती. त्यांना गाडी उभी करायला तळघर हवे होते.

व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या वास्तुविशारदाने १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. विखुरलेल्या उपनगराला गावाचा चौक मिळावा, ही त्याची मूळ कल्पना होती. पुढे त्या मॉलचे जे झाले त्याने तो उद्विग्न झाला. मुंबईच्या उपनगरांना मात्र चौक आयता मिळालेला होता. तो स्टेशनासमोर होता आणि तुडुंब भरलेला होता.

ब्रिटनमधील गावपेठांशी तुलना येथेच तुटते. तेथे गिऱ्हाईक गावाबाहेर गेले, रस्ते ओस पडले, २००९ च्या जानेवारीत वूलवर्थ्ससारख्या शंभर वर्षे जुन्या साखळीचे शेवटचे दुकानही मिटले. येथे माणसे कोठेच गेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३१ लाखांहून कमी लोक होते, उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक. येथील पेठ माणसांअभावी सुकली नाही, ती तुंबली.

शिवाय मॉलने पेठ मारली म्हणावे, तर मॉल तरी कोठे धडधाकट राहिले? निर्मल लाइफस्टाइलमधली दुकाने पुढे एकेक करून मिटत गेली. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये वरच्या मजल्यावर रुग्णालय आले आणि मार्च २०२१ मधील आगीत तेथील रुग्णांना प्राण गमवावे लागले. मॉल हे पेठेच्या दुखण्याचे एक कारण झाले. मूळ दुखणे पायाखालच्या वाटेचे होते.

ती वाट तुकड्या-तुकड्याने मोडली. आधी शेअर रिक्षा आल्या. रांग स्टेशनाच्या तोंडाशी, उतरायचे थेट सोसायटीच्या फाटकाशी. २००८ पासून एमएमआरडीएने स्टेशनांना जोडून स्कायवॉक बांधायला घेतले. पादचाऱ्याला कोंडीतून सोडवण्याचा हेतू चांगलाच होता. पण ज्या पादचाऱ्यावर खालचा दुकानदार जगत होता तोच आता त्याच्या पाटीच्या वरून चालू लागला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. तिच्या बांधकामात जयप्रकाश रोड अनेक वर्षे पत्र्यांच्या कुंपणात होता. मेट्रो झाल्यावर अंधेरी आणि घाटकोपरला रेल्वेच्या फलाटावरून मेट्रोच्या फलाटावर पुलावरूनच जाता येऊ लागले. खाली उतरण्याचे कारण संपले. प्रवाशाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. खोत गल्लीतल्या कापडवाल्याच्या दृष्टीने मात्र वर्सोव्याहून येणारे गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून निघून गेले.

२०२२-२३ मध्ये दहिसर ते अंधेरी मेट्रोच्या आणखी दोन मार्गिका सुरू झाल्या, एक लिंक रोडवरून आणि दुसरी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून. बोरिवलीच्या माणसाला अंधेरीला जाण्यासाठी बोरिवली स्टेशनच गाठावे लागेल, अशी सक्ती उरली नाही. १८६७ पासून चालत आलेली ती सक्तीच पेठेचे भांडवल होती.

जी पावले खाली उरली, त्यांच्यासाठी झगडा लागला. दुकानदार आणि फेरीवाला यांचे भांडण जुनेच. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत फेरीवाला क्षेत्रे ठरवण्याची दिशा दिली, २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. दुकानदारांना हायसे वाटले. पण पुष्कळ गिऱ्हाईक स्वस्त भाजीसाठी आणि पन्नास रुपयांच्या कानातल्यांसाठीच त्या गल्लीत शिरत होते आणि शिरल्यावर दुकानातही डोकावत होते. दोघांचे पोट एकाच पावलांवर होते, हे दोघांनीही मान्य केले नाही.

पुनर्विकासाचा घाव अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि ते उपनगरांत वापरता येऊ लागले. जुन्या दुमजली-तिमजली इमारती पाडून मनोरे उभे राहू लागले. बांधकामाच्या काळात रहिवासी दुसरीकडे भाड्याने राहतो आणि परत येतो. त्याचे घर तीन वर्षे थांबू शकते. दुकान थांबू शकत नाही. तीन-चार वर्षांत गिऱ्हाइकाची वाट बदलते, कारागीर दुसरीकडे लागतो, उधारी बुडते. परतल्यावर तळमजल्यावर गाड्यांचा उतार असतो आणि दुकानदाराच्या वाट्याला आतला किंवा पहिल्या मजल्यावरचा गाळा येतो. रस्त्यावरून दिसत नाही ते दुकान चालत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नसते. म्हणून अनेकांनी हक्क विकून टाकले. त्यांच्या जागी सराफांच्या मोठ्या पेढ्या, बँका, औषधांच्या साखळ्या आल्या. जेथे जुना गाळा उरला, तेथे तो उभा चिरून त्यात मोबाइलच्या कव्हरांची तीन दुकाने बसली.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि या पेठांचा पाया कशाचा आहे ते उघडे पडले. जूनमध्ये दुकाने एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची, या क्रमाने उघडली. परंतु सामान्य प्रवाशाला गाडीत प्रवेश नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ठरावीक वेळांत मिळाला, दोन महिन्यांत पुन्हा गेला आणि १५ ऑगस्टपासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी परत आला. दुकाने उघडी आणि पूल रिकामा, असे महिने पेठेने त्याआधी कधी पाहिले नव्हते. जुलै २०२० मध्ये बोरिवलीच्या इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटरला आग लागली, तीही याच काळात.

त्या टाळेबंदीत घरपोच सामानाची सवय लागली. २०२१ मध्ये मुंबईतच झेप्टो सुरू झाली आणि दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येऊ लागली. या कंपन्यांना माल साठवायला वस्तीच्या मध्यभागी जागा लागते. तिला 'डार्क स्टोअर' म्हणतात. आत किराण्याची मांडणी, रांगेने फळ्या, यादी घेऊन माल काढणारी मुले. जुन्या वाण्याच्या दुकानात जे जे असे ते बहुतेक सारे येथे आहे. फक्त गिऱ्हाइकासाठी दार नाही आणि बाहेर, जेथे पूर्वी पायरी असे, तेथे दुचाक्यांची रांग उभी असते.