वेलांटी कुठे गेली? पायथनच्या जीयूआय टूलकिटची गोष्ट

जालन्यात काकांचं बियाण्याचं दुकान आहे. महिको १९६४ मध्ये ज्या गावात सुरू झाली, तिथे बियाण्याचं दुकान म्हणजे काही नवल नाही. बीटेकच्या शेवटच्या सुट्टीत मी त्यांना बिलिंगचा प्रोग्राम करून दिला. पायथन, टीके-इंटर, दोन दिवसांत तयार. जुन्या पीसीवर लिनक्स टाकलेलं. काका चष्मा लावून म्हणाले, "अरे, बियाणेची वेलांटी कुठे पळाली?"

ती 'ब'च्या पुढे जाऊन बसली होती. जोडाक्षरांचेही तुकडे.

मी आधी फॉन्टला शिव्या दिल्या. खरं कारण जुनं निघालं. टीके हे जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत टीसीएल भाषेसाठी बनवलेलं, १९९१ च्या सुमाराचं. पायथनने ते तयार उचललं, म्हणून बऱ्याच ठिकाणी वेगळं काही न टाकता चालतं. १९९९ च्या ८.१ आवृत्तीत युनिकोड आलं. पण अक्षराचा नंबर कळणं वेगळं आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी काढायची हे कळणं वेगळं! विंडोजवर हे काम विंडोजच करून देतं. लिनक्सवर टीके ८.६ एकेक अक्षर ओळीने मांडत जातं.

मग क्यूटी. तिथे हार्फबझ आहे, अक्षरं नीट जुळतात. पण तिथे भांडण लायसन्सचं. नॉर्वेच्या दोघांनी, हावार्ड नूर्ड आणि आयरिक चांबे-इंग यांनी, १९९५ मध्ये क्यूटी लोकांपुढे आणलं. १९९६ मध्ये केडीई त्यावर उभं राहू लागलं, तर क्यूटी पूर्ण मुक्त नाही म्हणून १९९७ मध्ये काहींनी ग्नोम काढलं आणि जीटीके धरलं. (जीटीके मुळात गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी लिहिलेलं.) क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली आलं, २००९ मध्ये एलजीपीएलखाली. पायक्यूटी मात्र जीपीएल किंवा विकतचं लायसन्स, असंच राहिलं. नोकियाची रिव्हरबँकशी बोलणी जमली नाहीत, म्हणून त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं पायसाइड काढलं. पुढे नोकियानेच क्यूटी सोडलं आणि पायसाइड बरीच वर्षं मागे रेंगाळलं. २०१८ मध्ये ते क्यूटीचं अधिकृत पायथन रूप झालं.

डब्ल्यूएक्सपायथनही पाहिलं. वाईट नाही, पण माझं मन बसलं नाही.

हे सगळं मला कशाला हवं होतं? कारण मोंढ्यातल्या आणखी तीन दुकानदारांनी प्रोग्राम मागितला, पैसे देऊन. पायक्यूटीचं फुकट लायसन्स घेतलं असतं तर प्रोग्रामसोबत सोर्सही द्यावा लागला असता. तेव्हा कोड दाखवायची लाज वाटायची, खरं सांगतो. पायसाइड घेतलं. फाईल चांगलीच जड झाली, जुना पीसी उघडताना धापा टाकतो.

काकांनी पहिलं बिल छापलं, 'बियाणे' वाचलं आणि म्हणाले, "आता जीएसटीचं बघ."