मशेरीची सकाळ

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत बायकांचा दिवस तंबाखूने सुरू होत आला आहे, आणि तरी त्या घरांत तंबाखूचं व्यसन आहे असं कोणी म्हणत नसे. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून तिची पूड डबीत भरायची आणि उठल्याबरोबर चिमूटभर बोटावर घेऊन दात-हिरड्यांवर फिरवत बसायचं. हीच मशेरी, काही भागांतली मिश्री. विडी ओढतात, तंबाखू खातात. मशेरी मात्र ‘लावतात’, जसं तेल लावतात, कुंकू लावतात. या एका क्रियापदाने ती व्यसनांच्या यादीतून उचलून रोजच्या आन्हिकात नेऊन बसवली. तंबाखू सुटणं अवघड का जातं याचं उत्तर शोधताना आपण बहुधा सिगारेटकडे पाहतो. माझ्या मते ते मशेरीच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसतं, कारण इथे व्यसनाने स्वच्छतेचं रूप घेतलं होतं, आणि ज्याला व्यसन म्हणून ओळखलंच नाही ते सोडण्याचा विचार तरी कसा सुचावा?

तंबाखू मुळात आपली नव्हे. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये रुजली. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तो बादशहासाठी तंबाखू घेऊनच. उत्तरेच्या दरबाराला ती तेव्हा नवलाईची होती. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. स्त्रियांच्या तंबाखूची नोंद मात्र फार उशिरा झाली. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून केलेला कर्करोगपूर्व विकारांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९० च्या दशकात मुंबईत ३५ वर्षं आणि त्यापुढच्या ९९,५९८ जणांची पाहणी झाली, तेव्हा ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या. त्यांत धूम्रपान करणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. सर्वांत जास्त प्रमाण मशेरीचं होतं. ज्या समाजात बाईने विडी ओढणं लाजिरवाणं मानलं जाई, त्याच समाजात निम्म्याहून अधिक बायका निकोटिन घेत होत्या आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नव्हतं.

निकोटिन हिरड्यांच्या आणि गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात उतरतं. धुरातून जातं तितक्या झटपट नाही, पण मशेरी तोंडात असेपर्यंत ते उतरतच राहतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळपास संपलेलं असतं. जाग येते ती या तुटीत: डोकं जड, जीव कासावीस, कशात मन लागत नाही. चिमूटभर मशेरी लागली की हे सारं ओसरतं. बाईला वाटतं, मशेरीने बरं वाटलं. वास्तविक मशेरीनेच जे बिघडवलं होतं ते तिने घटकाभर सावरलेलं असतं. निकोटिनचं व्यसन किती गाढ आहे हे मोजण्यासाठी कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८ मध्ये तयार केलेली प्रश्नावली पुढे सुधारली गेली. तिच्या १९९१ च्या रूपात जागं झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटवणाऱ्याला त्या प्रश्नाचे सर्वाधिक गुण मिळतात, कारण गाढ व्यसनाची ती सर्वांत खात्रीची खूण आहे. मशेरी नेमकी त्याच घडीला लागते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: दात सकाळीच घासायचे असतात, मग सकाळच्या मशेरीवरून व्यसन कसं सिद्ध होतं? त्यासाठी शेजारी राखुंडी ठेवून पाहावी. राखुंडीनेही लोक पिढ्यान्‌पिढ्या सकाळी दात घासत आले. एखाद्या दिवशी ती नाही मिळाली तर कोणाचं डोकं दुखलं नाही, आणि राखुंडी दुपारी, संध्याकाळी, रात्री निजताना पुन्हा पुन्हा लावावीशी वाटली नाही. मशेरीचं तसं झालं. दाढ दुखते म्हणून किंवा सासूबाई लावतात म्हणून सुरू झालेली चिमूट दिवसातून चार-पाच वेळांवर गेली. रूढीने सुरुवात का झाली ते कळतं. सुटका का होत नाही ते रूढीवरून कळत नाही. अर्थात रूढीचाही वाटा आहे. मेंदू तलफ नुसत्या पदार्थाशी जोडत नाही, तर उंबऱ्यावरची जागा, डबीचं झाकण, शेजारणीशी होणारं बोलणं यांच्याशीही जोडतो. म्हणून डबी फेकून दिली तरी उंबरा तिची आठवण देत राहतो.

दुसरा आक्षेप मनोनिग्रहाचा. कितीतरी लोक कोणाच्याही मदतीविना तंबाखू सोडतात, मग व्यसनाचा एवढा बाऊ कशाला? सोडतात हे खरं आहे, आणि त्यांचं कौतुकच करायला हवं. पण बहुतेकांना ते पहिल्या प्रयत्नात साधलेलं नसतं, आणि ज्यांना साधलं नाही त्यांना दुबळं ठरवण्याचा अधिकार त्यावरून कोणाला मिळत नाही. विज्ञानालाही हे उमगायला वेळ लागला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने धूम्रपान आणि कर्करोग यांचं नातं ठामपणे मांडलं, पण तंबाखूच्या ओढीला ‘सवय’ म्हणून सोडून दिलं. निकोटिन व्यसन लावतं हे त्याच कार्यालयाने अधिकृतपणे सांगितलं ते १९८८ मध्ये. डॉक्टरांची भाषा बदलायला चोवीस वर्षं लागली, तर चुलीपाशी बसलेल्या बाईला दोष कसा द्यायचा?

आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजनांत तंबाखू घालण्यावर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. बंदी योग्यच होती, पण ती कारखान्यापर्यंत पोचली, घरच्या तव्यापर्यंत नाही. घरी भाजलेल्या मशेरीला वेष्टन नसतं, म्हणून तिच्यावर इशाराही छापता येत नाही. तो इशारा किती गरजेचा होता, हे मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासाने दाखवलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. हा फरक बाईला तिच्या डबीजवळ बसूनच कोणीतरी सांगायला हवा होता.

आजही ज्यांच्या घरात आई, मावशी किंवा आजी मशेरी लावते, त्यांनी डबी लपवू नये आणि तिला टोचूनही बोलू नये. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप मोडेल. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो, हे तिला आधी सांगावं. सकाळची जागा बदलावी, हातात ब्रश द्यावा, त्या वेळी तिच्याजवळ बसावं. आणि १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तिच्यासोबत फोन लावावा.