स्तोत्रसंहिता : गोव्यातील खासगी प्रार्थना
बायबलच्या जुन्या करारातील १५० स्तोत्रांचा संग्रह. त्यांपैकी ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीद राजाचे नाव आहे. स्तुतीइतकीच तक्रार हे त्यांचे वैशिष्ट्य. देवाला ‘किती काळ?’ असे विचारण्याची मुभा येथे भक्ताला मिळते. विठोबाशी भांडणारा अभंग ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. गोव्याच्या काही भागांत हे दोन सूर शेजारीच ऐकू येतात. तेथील डिचोली (१७८१) आणि पेडणे (१७८८) हे महाल नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा, कंसातील सालांत ताब्यात घेतलेल्या प्रदेशातले. सासष्टी-बार्देशातल्यासारखे सोळाव्या शतकातील व्यापक धर्मांतर येथे झाले नाही. त्यामुळे येथील ख्रिस्ती प्रार्थनेला शेजारच्या मराठी भजनाची सोबत आहे. गोव्यातच थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले.

घरी एकट्याने प्रार्थना करताना साधी रीत अशी : एकच स्तोत्र घ्यावे, सावकाश मोठ्याने वाचावे, अडलेल्या ओळीवर थांबावे आणि ती आपल्या शब्दांत देवापुढे मांडावी. पश्चात्तापासाठी ५१ वे, मृतांसाठी १३० वे. जुन्या लॅटिन पुस्तकांत हेच क्रमांक ५० आणि १२९ असतात; आजीचे पुस्तक उघडणाऱ्याची हमखास फसगत होते.